एसपीएफची व्याख्या तोंडपाठ असलेल्या डॉक्टरसाहेबांस

चि. भावी डॉक्टरसाहेबांस,
कॉलेजसमोरच्या मेडिकलवाल्या काकूंचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, स्किनच्या पोस्टिंगमध्ये मॅडमनी तुम्हाला एसपीएफ म्हणजे काय असं विचारलं आणि तुम्ही श्वासही न घेता उत्तर दिलंत, ही वार्ता आमच्या काउंटरपर्यंत पोचली. तुमचा रूममेट ओआरएसची पाकिटं न्यायला आला होता, त्याने साभिनय सांगितली. सनस्क्रीन लावलेल्या कातडीवर पहिली लाली उमटायला जेवढा अतिनील डोस लागतो, त्याला न लावलेल्या कातडीच्या डोसाने भागायचं. येईल तो आकडा एसपीएफ. प्रयोगशाळेत थर किती द्यायचा? दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम. एसपीएफ ३० अडवतो साधारण ९७ टक्के यूव्हीबी, ५० अडवतो ९८ टक्के. यूव्हीएचं बघायचं तर ट्यूबवर ‘पीए’पुढे अधिकची किती चिन्हं आहेत ती मोजायची, ही पद्धत जपानची. सगळं बरोबर. बाकीची बॅच ‘एसपीएफ ५० म्हणजे पन्नास मिनिटं’ इथेच अडकली होती म्हणे. तुम्ही बॅचची लाज राखलीत.

त्याच दिवशी दुपारी दीडला मी तुम्हाला पाहिलं. ओपीडीच्या दारातून हॉस्टेलकडे निघाला होतात. उघडं डोकं, अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, आणि फुल बाह्यांचा एप्रन खांद्यावर टाकलेला. विदर्भातला एप्रिल. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा माझ्या शटरच्या सावलीला येऊन पडलं होतं. त्याला एसपीएफची व्याख्या येत नसावी.

खासगीत सांगून पाहिलं असतं, पण खासगीत तुम्ही “हो काकू, हो काकू” म्हणत क्यूआर कोड स्कॅन करता आणि साउंडबॉक्स बोलायच्या आत रस्ता ओलांडता. म्हणून हे जाहीर पत्र. काकू साधी डी. फार्म. आहे, एमडी नाही, हे मान्य. पण तुमचं ज्ञान तुम्ही प्रोफेसरांना दाखवता आणि तुमची खरेदी मला दिसते.

तर खरेदीचंच बघू. आमच्याकडे बिलं संगणकावर असतात. गणपतीच्या सुट्टीवरून परत आलात तेव्हा तुम्ही ५० ग्रॅमची एक ट्यूब नेलीत. एसपीएफ ५०, पीएपुढे चार अधिक, मॅट फिनिश, आमच्या कपाटातली सगळ्यात महागडी. म्हटलं, चला, पोराला अक्कल आली. होळीच्या आदल्या दिवशी तुम्ही पुन्हा आलात, रंग खेळायचा म्हणून खोबरेल तेलाची बाटली न्यायला. मी विचारलं, “सनस्क्रीन संपलं असेल ना?” तर तुम्ही अभिमानाने म्हणालात, “छे काकू, अजून अर्धी आहे. मी जपून वापरतो.”

जपून वापरता! आता तुमच्याच व्याख्येतला तो २ मिलिग्रॅमचा आकडा घ्या आणि गणित करा. चेहरा आणि मान मिळून एका वेळेला सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे पाव चमचा. किंवा तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. सकाळी एकदा, दुपारी बाहेर पडताना एकदा, एवढाच किमान हिशेब धरला तरी ५० ग्रॅमची ट्यूब वीस दिवसांत संपली पाहिजे. उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं, ते तर सोडूनच द्या. तुमची गणपती ते होळी अर्धी संपली. साहेब, तुम्ही सनस्क्रीन लावत नव्हता, देवळातल्या अंगाऱ्यासारखं कपाळाला बोट टेकवत होता. आणि मात्रा पाव केली की संरक्षण पाव होतं असंही समजू नका. पन्नासाचे साडेबारा तरी उरतील, अशी हमी कोणी देत नाही. काही प्रयोगांत आकडा त्याच्याही पुष्कळ खाली गेलाय. ट्यूबवर पन्नास लिहिलंय ते प्रयोगशाळेतल्या थराला. हॉस्टेलच्या आरशासमोर तुम्ही जे लावलंत त्याचा नंबर छापायला कंपन्या अजून धजावलेल्या नाहीत.

हा एसपीएफचा आकडा आला कुठून, हे तुमच्या एमसीक्यूच्या पुस्तकात नसेल, म्हणून सांगते. १९३८ साली फ्रांझ ग्रायटर नावाचा रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी आल्प्समधलं पिझ बुइन हे शिखर चढायला गेला आणि उन्हाने चांगलाच भाजून निघाला. त्याने मग खटपट करून १९४६ साली एक ग्लेशियर क्रीम बाजारात आणलं. आजच्या मापाने त्याचा एसपीएफ जेमतेम २ भरला असता म्हणतात. जर्मनीत रुडॉल्फ शुल्झेने १९५६ मध्ये संरक्षण आकड्यात मोजायची पद्धत मांडली होती, ग्रायटरने १९७४ मध्ये ती एसपीएफ या नावाने रुळवली. बघा, तोही तुमच्यासारखा विद्यार्थीच होता. फरक एवढाच, की तो भाजला तेव्हा त्याने उपाय शोधला. तुम्ही भाजता तेव्हा स्टोरी टाकता.

स्टोरीवरून गोवा आठवला. सेकंड इयरचा निकाल लागल्यावर तुम्ही सहाजण गोव्याला गेलात. जाताना सहाजणांत मिळून एक ट्यूब. तसलीच, ५० ग्रॅमची. समुद्रावर उघड्या अंगाने हिंडायचं असेल तर एका माणसाला एका वेळेला तीस-पस्तीस ग्रॅम लागतं. म्हणजे ती ट्यूब एकट्याला दीड वेळा पुरली असती आणि तुम्ही सहाजणांत तीन दिवस पुरवलीत; सरकारने रेशन दुकानांचा कारभार तुमच्याकडे द्यायला हरकत नाही. वर “वॉटरप्रूफ आहे काकू” हे मलाच सांगून गेलात. ट्यूबवर लिहिलेलं असतं वॉटर रेझिस्टंट, आणि त्याची परीक्षा चाळीस नाहीतर ऐंशी मिनिटं पाण्यात ठेवून घेतात. तुम्ही कळंगुटच्या पाण्यात दुपारचं जेवण सोडून बाकी सगळं केलंत. परत आलात ते खांद्यांची सालं काढत, आणि कॅलामाइनच्या दोन बाटल्या उधारीवर घेऊन गेलात.

आता तुमचा लाडका मुद्दा. “काकू, आपल्या कातडीत मेलॅनिन आहे. हे सगळं गोऱ्यांचं खूळ आहे.” हे तुम्ही अशा थाटात म्हणता की गिऱ्हाइकं माझ्याकडे संशयाने बघायला लागतात. यात तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. भारतात त्वचेचा कॅन्सर खरंच कमी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावी १९९२ ते १९९६ या काळात सोळाशेहून अधिक लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, निम्म्यांना मनाला येईल तसं. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कॅन्सर साधारण चाळीस टक्के कमी निघाला, पुढच्या पाठपुराव्यात मेलानोमाही निम्म्यावर आलेला दिसला. पण ती माणसं गोरी, तिथलं ऊन जीवघेणं. त्यांचे आकडे उचलून आपल्या चेहऱ्यावर चिकटवता येत नाहीत, हे तुमचं म्हणणं बरोबर.

आणि मेलॅनिनची ढालही खरी आहे, फक्त ती किती जाड हे विचारायचं राहून गेलं. १९७९ साली हे मोजलं गेलंय. अगदी काळ्या त्वचेचं अंगभूत संरक्षण तेराच्या आसपास भरलं, गोऱ्या त्वचेचं तीन-साडेतीन. आपण गव्हाळ-सावळे मधे कुठेतरी. म्हणजे ज्या ढालीच्या भरवशावर तुम्ही भर दुपारी क्रिकेटच्या मैदानात उभे राहता, तिचा नंबर तुम्ही नाक मुरडून बाजूला सारलेल्या एसपीएफ १५ च्या लोशनएवढाही भरायचा नाही.

बरं, कॅन्सर सोडा. स्किनच्या ओपीडीत तुम्ही काही आठवडे काढलेत. तिथे रांगेत कोण बसलं होतं ते डोळ्यांसमोर आणा. गालांवर वांग घेऊन आलेल्या बायका. पुळ्या बऱ्या होऊन गेल्या पण त्यांचे काळे डाग उरले, अशी पोरं. मार्च लागला की हातांवर, मानेवर खाजरे पुरळ उठणारी माणसं. ल्युपसची एखादी मुलगी. हे सगळे सावळेच होते ना? त्यांच्या मेलॅनिनने संप केला होता का? खरं तर वांगाच्या बाबतीत आपलं मेलॅनिन जास्तच उत्साही. त्याला जागं करायला अतिनील किरणच लागतात असंही नाही, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडसुद्धा सावळ्या त्वचेत काळेपणा वाढवतो. म्हणून वांग असणाऱ्यांना आयर्न ऑक्साइड घातलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन अधिक कामाचं. अशी ट्यूब आमच्या कपाटात आहे. तुमच्या हॉस्टेलमधल्या एकानेही ती आजवर नेली नाही, कारण “काकू, तो टिंट मुलींसाठी असतो.”

मुलींवरून आठवलं. तुमच्या वर्गातल्या मुली स्कार्फ बांधून, सनकोट चढवून, हातमोजे घालून स्कूटीवर येतात, त्यांना तुम्ही ‘चंबळ गँग’ म्हणता. छान विनोद आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या उन्हाच्या सवयींच्या पाहण्या देशोदेशी झाल्या आहेत. गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच: माहिती भरपूर, सवय तोकडी, आणि सवयीत मुली मुलांच्या पुढे. चंबळ गँगचे निकालही तुमच्यापेक्षा बरे लागतात, हे जाता जाता.

काचेचं तेवढं सांगून टाकते, कारण तुम्हाला रीडिंग हॉलमधली खिडकीची जागा फार आवडते. साधी काच यूव्हीबी बराचसा अडवते, म्हणून तुम्ही लाल होत नाही, आणि लाल होत नाही म्हणजे काही होत नाही असं धरून चालता. यूव्हीए मात्र आरामात आत येतो. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं माल पोचवला, खिडकी कायम डाव्या हाताला. उजवा गाल साठीतल्या माणसाचा, डावा सुरकुत्यांनी लोंबलेला, जणू दोन वेगळी माणसं. जर्नल तुमच्या लायब्ररीत येत असेल. खिडकीपासून लांबच्या कपाटात ठेवलेलं असेल, त्यामुळे तुमच्या नजरेस पडलं नाही.

एरवी तुम्हाला सनस्क्रीनची आठवण येते ती गॅदरिंगच्या आधी. डिसेंबर संपत आला की आमच्याकडे झुंबड उडते. स्पोर्ट्स झालेले असतात, तोंडं रापलेली असतात आणि ट्रॅडिशनल डेला आठ दिवस उरलेले असतात. “काकू, टॅन जायला काहीतरी द्या. स्ट्राँग द्या.” तेव्हा कळतं की तुम्हाला ऊन नकोय असं नाहीच, सावळेपणा नकोय. आजार टळावा म्हणून तुम्ही ट्यूब घेत नाही, रंग उजळावा म्हणून घेता. तो उजळेना की सनस्क्रीन बाजूला आणि तुम्ही त्या तिहेरी मलमाकडे वळता, ज्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असतं.

आता थट्टा जरा बाजूला ठेवते, डॉक्टरसाहेब, कारण इथे तुमचा गुन्हा सुरू होतो. आतापर्यंतची कातडी तुमची होती. तिचं काय करायचं ते तुम्ही आणि तुमचं मेलॅनिन बघून घ्या.

तुमच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या ताईंची मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे आली होती. बारावीला होती. लग्नाची बोलणी घरात सुरू झाली होती, आणि गालावर डाग होते. मोबाईल पुढे केला. त्यावर मलमाचं नाव टाइप केलेलं, स्पेलिंग अगदी अचूक. “हॉस्टेलमधल्या डॉक्टरांनी सांगितलंय,” म्हणाली. कोणत्या, ते तिने सांगितलं. चिठ्ठी आहे का विचारलं तर नाही. २०१८ सालापासून ही स्टेरॉइडवाली मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मी दिलं नाही. ती हिरमुसून गेली, आणि बाजारात दुसरीकडे कुठेतरी तिला ते मिळालं. मिळतंच.

तीनेक महिन्यांनी ती परत आली तेव्हा चेहरा ओढणीत झाकलेला. गाल लालभडक, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागलेल्या, हनुवटीवर पुळ्या, कानशिलांपाशी लव वाढलेली. मलम थांबवलं की आग होते, म्हणून थांबवता येत नाही. उन्हात दोन मिनिटं उभं राहवत नाही, आणि कॉलेजला जायला बस स्टँडपर्यंत चालत जावं लागतं. आपल्याच देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला वेगळं नाव देऊन ठेवलंय, इतक्या मुली या दशेत ओपीडीत येतात. तुमच्या पुस्तकात असेल. मी तिला विचारलं, “हे लावताना उन्हाचं काय करायचं ते सांगितलं होतं का? किती आठवडे लावायचं? कुठे लावायचं?” ती म्हणाली, “रात्री लावायचं, एवढंच सांगितलं.”

अरे बाळा, ट्रेटिनॉइनने कातडी उन्हाला हळवी होते, हे तुला माहीत होतं. स्टेरॉइडने ती पातळ होते, माहीत होतं. ऊन अडवलं नाही तर हायड्रोक्विनोन व्यर्थ, डाग परत येतात, हेही माहीत होतं. तुझा रूममेट म्हणतो, तू फार्माकॉलॉजीत बॅचमध्ये दुसरा होतास. मग सांगितलं का नाहीस? मला वाटतं, तू स्वतः पाव चमचा सनस्क्रीन कधी चेहऱ्यावर घातलेलं नाहीस, म्हणून. जे स्वतःच्या तोंडावर कधी गेलं नाही ते दुसऱ्याला सांगायचं सुचत नाही. जे डॉक्टर स्वतः एखादी चांगली सवय पाळतात तेच पेशंटला ती आवर्जून सांगतात, असं डॉक्टरांवर केलेल्या पाहण्यांमध्ये दिसून आलंय. तुझ्याकडे व्याख्या होती. त्या मुलीला मलम किती, कधी, कुठे आणि त्यासोबत काय, एवढंच हवं होतं. ती आता मॅडमच्या ओपीडीत येते, हळूहळू बरं होतंय. तुझं नाव तिने मॅडमना सांगितलेलं नाही. डॉक्टर आहेस, असं तिला अजूनही वाटतं.

असो. पुन्हा ‘तुम्ही’वर येते.

फॅमिली अडॉप्शनच्या, म्हणजे गावातली कुटुंबं दत्तक घ्यायच्या, व्हिजिटला तुमची बॅच बसने गावात गेली होती, त्याचा वृत्तांत तिथल्या आशाताईंनी मला दिला. आरोग्यशिक्षण म्हणून तुम्ही बायकांना गोळा करून सांगितलंत, की सकाळी अकरा ते चार उन्हात जाऊ नका. एका आजीने विचारलं, “मंग कापूस कोन वेचन, तुमी?” आणि सगळ्या हसल्या. तुम्ही जर्नलमध्ये लिहिलंत, ‘लोकांमध्ये जागरूकतेचा अभाव.’ आशाताई सांगत होत्या, तुम्ही बोलत होतात तेव्हा त्या बायका सावलीला होत्या आणि उन्हात उभे होतात ते तुम्ही.

त्या बायकांच्या अंगावर काय होतं, ते पाहिलंत का? साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. डोक्याला आणि तोंडाला रुमाल, फक्त डोळे उघडे. घट्ट विणीचं, गडद कापड अतिनील किरणांना जेवढं अडवतं तेवढं तुमच्या त्या जपून वापरलेल्या ट्यूबने उभ्या जन्मात अडवलं नसतं. जीन्सच्या कापडातून तर जवळजवळ काहीच आत येत नाही. आणि तुमच्या पातळ पांढऱ्या टी-शर्टचं संरक्षण पाच ते सातच्या घरात, घामाने भिजला की त्याहून कमी. म्हणजे त्या दिवशी त्या गावात उन्हापासून सर्वांत कमी सुरक्षित माणूस कोण होता, हे सांगायला आशाताईंना एमबीबीएस लागलं नाही.

माझ्याकडे चिठ्ठ्या येतात त्यांत सनस्क्रीन असतं, ‘दिवसातून तीनदा’. सरकारी दवाखान्यात ते सहसा मिळत नाही, म्हणून पेशंट रस्ता ओलांडून इकडे येतात. कायद्याने आपल्याकडे ते औषधही नाही, सौंदर्यप्रसाधन आहे. पलीकडच्या जनरल स्टोअरमध्ये बांगड्यांशेजारी मिळतं. मागच्या महिन्यात एक बाई आल्या, उन्हाच्या ॲलर्जीने कोपरापासून पुढे दोन्ही हात खरखरीत झालेले. ट्यूबची किंमत पाचशेच्या आसपास, त्यांची दिवसाची मजुरी तीनशेच्या आत-बाहेर. तीनदा दोन्ही हातांना आणि चेहऱ्याला लावलं तर ट्यूब आठवडाभर तरी पुरेल का, याचा हिशेब मी मनात केला, त्यांना सांगितला नाही. त्यांनी ट्यूब हातात घेतली, उलटी-पालटी केली आणि हळूच विचारलं, “याची एखांदी पुडी भेटन काय?” मी कपाटातून एमआरने दिलेली सॅम्पलची दोन पाउच काढून दिली, आणि लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “असं कोनी बोललंच नाही.”

चिठ्ठी लिहिणारा तुमचा सीनियर. हुशार असणार. त्याला ट्यूबचा ब्रँड पाठ होता, एसपीएफ पाठ होता. ट्यूब किती दिवस पुरते आणि केवढ्याला पडते हे ठाऊक नव्हतं, कारण त्याचीही कधी संपलेली नसणार.

दोनेक वर्षांत तुम्ही इंटर्न व्हाल आणि तुमच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या माझ्याच काउंटरवर येतील. त्यासाठी एक किरकोळ अभ्यास सुचवते. एक ट्यूब घ्या आणि ती वीस दिवसांत संपवून दाखवा. घामाने ती डोळ्यांत उतरते, चष्म्याखाली चिकचिक होते, एप्रनची कॉलर पिवळी पडते, दुपारी पुन्हा लावायला हात धुवायची जागा सापडत नाही, हे सगळं होऊ द्या. खिशातून पैसे जातात, तेही होऊ द्या. दुपारी बाहेर पडताना तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड पडलीय का बघा; आखूड असेल तर ऊन कडक, त्याला ना ॲप लागतं ना यूव्ही इंडेक्स. मेच्या अखेरीस आपल्याकडे एक दिवस भर दुपारी सावलीच गायब होते, तेव्हा फार विचार करू नका, आतच थांबा. आणि उकाड्यावर जाऊ नका. किरणं सूर्य किती वर आहे त्यावर ठरतात, थर्मामीटरवर नाही; ऑक्टोबरातली गार वाऱ्याची दुपारही पोळू शकते. ढग आले म्हणूनही हुरळू नका, पातळ ढगांतून पुष्कळसं खाली येतंच.

मग चिठ्ठी लिहा. शेतात जाणाऱ्या बाईंना पहिल्या ओळीत शर्ट, रुमाल आणि हातमोजे. सनस्क्रीन लागणारच असेल तर कुठे, किती आणि ट्यूब किती दिवस जाईल ते मराठीत. मेसवाल्या ताईंच्या मुलीसारखी कोणी आली तर मोबाईलवर नाव टाइप करून न देता तिला सरळ ओपीडीत पाठवा. मी चिठ्ठ्या नीट वाचते. हस्ताक्षर कसंही असलं तरी मला लागतं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
समोरच्या मेडिकलवाली काकू

ता. क. : तुमच्या रूममेटने पुळ्यांसाठी डॉक्सीची स्ट्रिप मागितली. तुम्ही सांगितल्याचं म्हणाला. चिठ्ठीशिवाय दिली नाही. रविवारी इंटर-बॅचची मॅच आहे आणि तो लाँग-ऑनला उभा राहणार आहे. डॉक्सी घेऊन दिवसभर उन्हात उभं राहिलं की काय होतं, ते तुम्ही मागच्या वर्षीच पेपरात लिहून आलात. त्याला टोपी घेऊन जायला सांगा. आणि गोव्याच्या वेळच्या कॅलामाइनच्या दोन बाटल्यांचे पैसे अजून बाकी आहेत.